रिफ्रेश करू नये

आमच्या जिल्ह्यात कॉम्प्युटर सुरू झाला की माणूस आधी रिफ्रेश मारतो. काम नंतर. माऊसचं उजवं बटण, रिफ्रेश. पुन्हा उजवं बटण, पुन्हा रिफ्रेश. असं तीन-चारदा झाल्याशिवाय कुणाचा हात पुढे सरकत नाही. यवतमाळला, वणीला, पांढरकवड्याला जे कॉम्प्युटर क्लास निघाले, तिथल्या सरांनी हे शिकवलं. मशीन मोकळी होते, स्पीड वाढतो, असं ते सांगत. खरं म्हणजे त्याने स्क्रीनवरची चित्रं पुन्हा एकदा रंगवली जातात, बाकी काडीचा फरक पडत नाही. हे मी कॉलेजात शिकलो आणि घरी येऊन मोठ्या ऐटीत सांगितलं. माझ्या वहिनीने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा दोनदा रिफ्रेश मारला.

राजूरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत वहिनीचं ऑनलाइन कामांचं केंद्र होतं. वडील खाणीच्या ऑफिसातून क्लार्क म्हणून रिटायर झालेले, भाऊ वणीला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कामाला. पण ती वर्षं कापसाची नव्हती. कधी अळीने खाल्लं, कधी पडलेल्या दराने मारलं, आणि जिनिंग दिवाळीनंतर जेमतेम धडधडून होळीच्या आत गप्प व्हायची. मग भाऊ घरी बसायचा आणि घर वहिनीच्या केंद्रावर चालायचं. ती माहेरची झरी जामणीकडची, कापूस-तुरीच्या घरातली. दाखले, बिलं, परीक्षांचे अर्ज, सगळं करायची. कोळशाची काळी धूळ कीबोर्डवर बसते म्हणून उठसूट फडकं मारायची. दारावर तिच्या नावाचा बोर्ड होता. आमच्या घरात बाईचं नाव त्याआधी फक्त लग्नपत्रिकेवर छापून आलं होतं, आणि तेही चि. सौ. कां.च्या ओझ्याखाली. त्यामुळे बोर्ड लागला तेव्हा वडिलांनाही मनातून बरं वाटलं असणार.

मी तेव्हा यवतमाळला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. कंपनी म्हणायची म्हणून म्हणायची. मेडिकल स्टोअरच्या वर दोन खोल्या, आम्ही पाच-सहा पोरं, आणि मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो. त्या वर्षी सरांनी कापूस खरेदीच्या ऑनलाइन नोंदणीचं काम मिळवलं. बाहेर व्यापारी मातीमोल भावाने कापूस मागत होते, त्यामुळे जो तो हमीभावाच्या खरेदी केंद्राकडे वळला होता. तिथे माप लागायचं तर आधी वहिनीच्यासारख्या केंद्रावर जाऊन ऑनलाइन नाव नोंदवायचं आणि नंबर घ्यायचा. व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या नावावर आपला माल खपवू नये म्हणून नियम कडक होता. एकाच शेतावर एकच नाव दोनदा आलं तर दोन्ही नोंदी रद्द, आणि ज्या ऑनलाइन केंद्रावरून आल्या त्याची चौकशी. हे रद्द करण्याचं काम सरांनी सॉफ्टवेअरलाच देऊन टाकलं होतं. माणसाचा हातच लागत नाही, असं ते अभिमानाने सांगत.

आता थोडं तंत्राचं सांगावं लागेल, कारण सगळं रामायण त्यातलंच आहे. ब्राउझर वेबसाइटशी दोन प्रकारे बोलतो. एक तर काही मागतो, नाहीतर काही देतो. बातम्यांचं पान उघडलं तर ते मागणं. अर्ज भरून बटण दाबलं तर ते देणं. ब्राउझरमधला रिफ्रेश डेस्कटॉपवरच्यासारखा नुसती चित्रं रंगवणारा नसतो; तो दाबला की ब्राउझर स्वतःचं डोकं चालवत नाही, शेवटचं जे केलं तेच पुन्हा करतो. शेवटी मागितलं असेल तर पुन्हा मागतो, कुणाचं काही बिघडत नाही. शेवटी दिलं असेल तर पुन्हा देतो. मग एकाचे दोन अर्ज होतात.

यावरचा इलाज जुना आहे आणि सोपा आहे. चक्कीवर दळण टाकलं की चक्कीवाला सांगतो, तिकडे बाकावर बसा, झालं की तिथेच मिळेल. तसं सर्व्हरने अर्ज घेतला की त्याच पानावर उत्तर छापायचं नाही. ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर धाडायचं आणि पावती तिथे माग म्हणायचं. म्हणजे ब्राउझरचं शेवटचं काम मागणं ठरतं. मग माणसाने दिवसभर रिफ्रेश दाबत बसावं, पावतीच येत राहते. आम्ही ज्या फ्रेमवर्कवर काम करायचो, म्हणजे वेबसाइटचा जो आयता सांगाडा वापरायचो, त्यात हे एका ओळीचं काम होतं. नंबर मिळाल्याचा निरोप एका पानावरून दुसऱ्या पानावर नेण्याची सोय होती. शिवाय प्रत्येक अर्जाला एकदाच चालणारं तिकीट लावता यायचं; तेच तिकीट दुसऱ्यांदा आलं की अर्ज दारातूनच परत. ज्यांनी ते फ्रेमवर्क बनवलं त्यांना माणूस कळला होता. नेट जाणार, माणूस घाबरणार, रिफ्रेश दाबणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं, आणि त्यातलं कुणी यवतमाळ जिल्ह्यात कधी आलेलंही नव्हतं.

नोंदणीचं पान सरांनी स्वतः लिहिलं होतं. ते अर्ज घ्यायचं आणि तिथल्या तिथे हिरव्या अक्षरात नंबर दाखवायचं. वापर सुरू व्हायच्या आधी मी ते पाहिलं आणि सरांना सांगितलं की इथे रिफ्रेश केलं तर नाव दोनदा जाईल, आणि आपलंच सॉफ्टवेअर दोन्ही रद्द करेल. सर म्हणाले, खरेदीचं काम बघणाऱ्या साहेबांना दाखवून झालं, पास झालं, त्यांना तो हिरवा नंबर फार आवडला. आता हात लावला तर पुन्हा सगळं दाखवत बसावं लागेल. मी म्हटलं, एका ओळीचा बदल आहे, हिरवा नंबर तसाच राहील. तर म्हणाले, लोकांना काय खाज आहे रिफ्रेश करायची? मी म्हटलं, सर, आपल्याकडे लोक जेवायच्या आधी हात धुवायचे विसरतील, रिफ्रेश विसरणार नाहीत. पोरं हसली. सर हसले नाहीत.

"राजूरले तुह्या वहिनीचं केंद्र आहे ना?" ते म्हणाले. "तिच्यासाठी बोलून राह्यला का तू?"

झालं. मी तंत्राचं बोलत होतो, ते घरचं झालं. दुसऱ्या दिवशी सरांनी आपल्या परीने इलाज केला. नोंदणीच्या पानावर वर लाल, लुकलुकणारी एक ओळ टाकली: कृपया रिफ्रेश करू नये. लुकलुकणारी अक्षरं टाकायला त्यांना जेवढा वेळ लागला, त्याच्या निम्म्या वेळात खरं काम झालं असतं. ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

हंगाम लागला. राजूरला लाइट गेली की कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहायचा, पण नेट जायचं, आणि लाइट तर जायचीच. वहिनी शेतकऱ्याचं नाव, गाव, शेताचा नंबर सगळं नीट भरायची, बटण दाबायची, आणि पान पांढरं पडायचं. अर्ज पोचलेला असायचा, परतीचा नंबर तेवढा वाटेत अडकलेला असायचा. समोर माणूस उभा, त्याच्यामागे रांग. नेट आलं की ती रिफ्रेश मारायची. ब्राउझर इंग्रजीत काहीतरी विचारायचा, ती हो म्हणायची. मग हिरवा नंबर यायचा आणि माणूस खूश होऊन जायचा. त्या हिरव्या नंबराच्या मागे दोन नोंदी एकमेकींना मारून बसलेल्या आहेत, हे तिला कळायला काही मार्ग नव्हता.

कळलं ते खरेदी सुरू झाल्यावर. लोक गाडी भरून खरेदी केंद्रावर जाऊ लागले आणि तिथून त्यांना परत पाठवू लागले. तुमचं नाव दोनदा आहे, रद्द झालं. भरलेली गाडी घरी परत कोण नेणार? गेटच्या बाहेरच व्यापारी उभे होते, त्यांना देऊन लोक मोकळे झाले. आणि मग ते वहिनीच्या दारात आले. त्यात तिच्या माहेरच्या गावचा एक काका होता, तिला परकर-पोलक्यात पाहिलेला. तो आत आला नाही. पायरीवर उभा राहून त्याने एवढंच विचारलं की पोरी, माह्या नावावर व्यापाऱ्याचा माल घुसवला का तू? वहिनीने त्याला काय उत्तर दिलं ते तिने मला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी तिने चूल पेटवली, सगळ्यांना वाढलं आणि स्वतः जेवली नाही, हे भावाने फोनवर सांगितलं.

चौकशी तालुक्याच्या ऑफिसात होती. मी सुट्टी न सांगता यवतमाळहून पहाटेची एसटी धरली. केंद्र जाणार की राहणार ते तिथेच ठरणार होतं. सॉफ्टवेअरच्या बाजूने सर आले होते, लॅपटॉप घेऊन. मला पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली, पण चौकशी करणाऱ्या साहेबांसमोर ते गोडच राहिले. मी उभा राहून सांगितलं की साहेब, ही चूक आमच्या सॉफ्टवेअरची आहे, मी ते आधीच दाखवलं होतं, आणि ती कशी टळते तेही मला येतं. चक्कीचं उदाहरणसुद्धा दिलं. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की आपण यांचे कोण? मी म्हटलं, दीर. साहेबांनी चष्मा परत लावला.

सरांनी लॅपटॉप फिरवला. तेच लॉगिन, तोच शेतकरी, दोन नोंदी. सॉफ्टवेअर आपल्या मनाने कशाला पाठवेल, ते म्हणाले, पाठवणारा माणूस लागतो. आणि सूचना तर लाल अक्षरात आहे.

साहेब वहिनीकडे वळले. "तुम्ही रिफ्रेश केलं होतं का?"

"हाव साहेब, केलं," वहिनी म्हणाली. "पान पांढरं पडलं होतं. आमी नेहमीच करतो."

"सूचना वाचली नव्हती?"

"वाचली होती. पण पानच नव्हतं तं सूचना कुठं दिसन?"

यापेक्षा नेमकं कुणीच काही बोललं नसतं. मला वाटलं, आता तरी साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडेल. साहेबांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसरं घेतलं नाही. केंद्र चालकाने सूचना असूनही रिफ्रेश केल्याचे मान्य केले, असं झालं त्याचं कागदावर. वहिनीने सही केली. आठवड्याच्या आत तिचं लॉगिन बंद झालं.

तालुक्यातल्या बहुतेक केंद्रांवर हेच घडलं होतं. घडणारच, सगळे एकाच क्लासचे विद्यार्थी. पण त्यांची पाळी वहिनीनंतर होती, आणि तोवर तिचं काय झालं ते सगळीकडे पोचलं होतं. प्रत्येकाने सांगितलं की आपण रिफ्रेश केलंच नाही, नेटमुळे झालं असेल. साहेबांनी तेही लिहून घेतलं. सगळ्यांची केंद्रं राहिली. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण राग येतो, आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळत नाही म्हणून जास्त येतो.

मी कंपनीत परतलो तेव्हा माझ्या खुर्चीवर दुसरा पोरगा बसला होता. सर म्हणाले, घरचं आणि कामाचं वेगळं ठेवता येत नसेल तर अवघड आहे. मी वाद घातला नाही. नागपूरला दुसरं काम शोधलं. आज मी वेबसाइटची जी काही चार पानं लिहून पोट भरतो, त्यात अर्ज घेतला की आधी माणसाला दुसऱ्या पानावर पाठवतो. कुणी त्याबद्दल शाबासकी देत नाही, द्यायचं कारणही नाही. ते एवढं साधं काम आहे.

वहिनी वर्षभराने वणीच्या एका केंद्रावर पगारावर जायला लागली. ज्यांनी आपण रिफ्रेश केलं नाही म्हणून सांगितलं होतं, त्यातलंच ते एक. त्यांच्या लॉगिनने, त्यांच्या खुर्चीवर, तेच नोंदणीचं काम. त्या हंगामात मी राजूरला गेलो होतो. ती संध्याकाळच्या गाडीने दमून आली, पाणी प्यायली आणि मला म्हणाली की आज केंद्रावर सूचना आली, सॉफ्टवेअर नवीन झालं, आता रिफ्रेश केलं तरी नाव दोनदा जात नाही. तिने दिवसभर करून पाहिलं होतं. खरंच जात नव्हतं.

"भाऊजी, हे असं कवापासून करता येत होतं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, पहिल्यापासून.

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. तिला सरांचा राग आला असेल, माझा आला असेल, मी तयार होतो. पण तिच्या डोक्यात सर नव्हते आणि मीही नव्हतो.

"आन् मी नाही म्हटलं असतं, तं केंद्र राह्यलं असतं?"

मी हो म्हटलं.

"मंग त्या साहेबानं मले इचारलंच कायले?" ती म्हणाली, आणि भाकरी टाकायला आत गेली.