हवेच्या नळीतलं बूच

हे मी कुणालाच सांगितलेलं नाय. आईला नाय, नवऱ्याला नाय. आज तुम्हाला सांगते — आणि खरं सांगू, छाती अशी धडधडतेय, जसं काय पुन्हा म्हैसमाळचा घाट चढायचाय!

आधी गाडीचं सांगू द्या, नायतर मला बोलताच यायचं नाय. अण्णांची, म्हणजे माझ्या वडलांची लाल गाडी, माझ्यापेक्षा थोडीच लहान. चारी चाकांनी ओढणारी! चिखल असो, मुरूम असो, लिव्हर ओढला की पुढची चाकं पण जागी व्हायची आणि ही बया अश्शी चढायची — आई शप्पथ! बजाजनगरात शेजाऱ्यांकडं नव्या चकचकीत गाड्या आल्या होत्या, पण पोरं वळून बघायची ती आमच्याच म्हातारीकडं.

या म्हातारीचे डॉक्टर म्हणजे युसूफचाचा. शहागंजच्या मागं त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. अण्णांची आणि त्यांची दोस्ती इतकी जुनी, की दसऱ्याला आपट्याचं पहिलं पान देवाला आणि दुसरं चाचांना. ईदला शीरखुर्म्याचा डबा आमच्या घरी. मी कॉलेजात होते, तेव्हा चाचांनीच मला गाडीखाली शिरायला शिकवलं. "ये मेरी शागिर्द है," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. लई फुगायची मी.

त्या साली खंडेनवमीला गाडी मीच धुतली, पाण्याचा पाइप जोरात सोडून. तर इंजिनाशेजारी एक बारीक नळी असते. ती खालच्या ट्रान्सफर केसची — म्हणजे इंजिनाची ताकद चारी चाकांना वाटून देणारा डबा असतो ना, त्याची. डबा तापला की आतली हवा त्या नळीतून बाहेर पडते. त्या नळीत पाणी जाऊ देऊ नको, हे चाचांनीच बजावलेलं. म्हणून मी नळीच्या तोंडात औषधाच्या बाटलीचं रबरी बूच कोंबलं. किती हुशार, नाय का? मग झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू — आणि बूच राहिलं तिथंच.

थोड्याच दिवसांत फरशीवर तेलाचा डाग. आत हवा कोंडली की ती तेलाला ढकलते, आणि तेल सीलमधून, म्हणजे ते अडवणाऱ्या रबरी कड्यातून, वाट काढतं — पण तेव्हा माझ्या टाळक्यात हे आलंच नाय. चाचांनी डबा उतरवून सील बदललं. पुन्हा डाग. दुसरं बसवलं. पुन्हा डाग!

मग चाचा गाडीखालूनच म्हणाले, "बेटा, वो हवा की नली कू किसीने छेड़ा तो नै ना?"

थांबा जरा. कारण जे झालं ते इथंच झालं. बूच मला त्याच क्षणी आठवलं — लख्ख! हात पुढं केला असता तर निघालं असतं. पण शेजारी अण्णा उभे, दोन गिऱ्हाइकं उभी. गाडी नीट झाली की घाटात पहिल्यांदा स्टिअरिंग माझ्या हातात मिळणार होतं. आणि चाचांची शागिर्द असला येडेपणा करते? मी म्हणाले, "नाय चाचा, कुणीच नाय."

त्यांनी उठून बघितलंसुद्धा नाय. मी सांगितलं ना, मग झालं. निमूट तिसरं सील बसवलं.

ते पण गळलं. अण्णांचं डोकंच फिरलं. भर गॅरेजात, सगळ्यांच्या देखत ओरडले, "युसूफ, हात थरथरतोय आता तुझा. बंद कर हे दुकान!" चाचा फडक्यानं हात पुसत राहिले. आणि मी? मी गाडीत जाऊन बसले.

इथवर भित्रेपणा म्हणा. पण पुढचं? अण्णांनी गाडी वाळूजकडच्या एका मोठ्या गॅरेजात द्यायचं ठरवलं. त्या सकाळी ते आंघोळीला गेले, तेवढ्यात मी बॉनेट उघडलं, बूच उपसलं आणि नालीत फेकलं. नव्या गॅरेजवाल्यांनी सील बसवलं — आणि गळती बंद! एक थेंब नाय! अण्णा गल्लीभर सांगत सुटले, "बघा, मी म्हणत नव्हतो? युसूफचाच हात गेला." म्हणजे ते बूच काढून चाचांना खोटं मीच पाडलं. कोंबलं तेव्हा निदान चूक तरी होती.

आणि सगळ्यात वाईट सांगू? मी खूश होते हो! रविवारी म्हैसमाळ चढले. वळणावर लिव्हर ओढला, गाडीनं दगडधोंडे कचाकच खाल्ले, अण्णा शेजारी टाळ्या पिटत होते — "वा रं वाघिणी!" मी किंचाळत होते आनंदानं. आत्ता सांगतानासुद्धा अंगावर काटा येतोय, बघा. त्या दिवसभरात चाचांची एकदाही आठवण आली नाय मला.

चाचांनी गॅरेज बंद केलं. आता पुतण्याच्या चपलांच्या दुकानात बसतात. अण्णा तिकडून जात नाहीत.

यंदाच्या दसऱ्याला मी एकटीच गेले, आपट्याचं पान घेऊन. सगळं सांगायचंच असं ठरवून गेले होते. चाचांनी आधी गाडीचंच विचारलं, "टपकती तो नै ना अब?"

"नाय चाचा. एक थेंब नाय."

"अच्छा हुआ," ते म्हणाले. "मेरे हात से नै जमा, बेटा."

आणि पान घ्यायला त्यांनी तोच हात पुढं केला. जरासुद्धा थरथरत नव्हता. मी त्यावर पान ठेवलं, "सोनं घ्या चाचा" म्हणाले आणि रिक्षात बसले.