समाधानी माणसाच्या हातून चूक होत नाही

आमच्या बाटल्यांच्या कारखान्यात अक्कल पाजळणारे साहेब पुष्कळ येऊन गेले, पण उत्साहरावासारखा नमुना दुसरा झाला नाही. हे नाव आम्हीच ठेवलेलं. माणसांना कामाची गोडी लावणं हेच त्याचं काम होतं म्हणे. आता बोला! स्वतः आयुष्यात एक बाटली उचलली नाही, आणि आम्हाला गोडी लावणार.

पण सांगायचंय ते भिंगकाकूबद्दल. औषधाच्या बाटल्या गार झाल्या की मागून दिवा लावलेल्या पांढऱ्या पडद्यासमोरून ओळीने सरकत जातात. तपासणारीने बघत बसायचं. बुडबुडा, तडा, वाकडं तोंड दिसलं की बाटली उचलून बाजूला टाकायची. काकू एकवीस वर्षं हेच करत होती. केसाएवढा तडाही तिला दिसायचा. ती ग्लास घ्यायला गेली की दुकानदार सगळी खोकी तिच्यापुढे ठेवून सरळ चहाला निघून जायचा. "नवरासुद्धा उजेडाकडे धरूनच पसंत केला असशील," मी म्हणायचे. "केला असता तर बरं झालं असतं गं," ती म्हणायची.

तिने एक पद्धत पाडली होती. पडदे दोन, बायका तीन: ती, मी आणि बुटकी. वीस मिनिटं बघायचं, मग उठायचं आणि दहा मिनिटं भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून बसायचं. तेवढ्यात तिसरी जागेवर. "वीस मिनिटांनंतर डोळे उघडे असतात, पण बघत नाहीत," असं तिचं म्हणणं. बारा वर्षं असं चाललं आणि आमच्या हातची एक बाटली परत आली नाही.

उत्साहरावाने पहिल्याच आठवड्यात काकूला भिंतीकडे तोंड करून बसलेलं पाहिलं. झालं! आम्हाला बोलावून फळ्यावर त्रिकोण काढला. तळाला भूक, वर सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मानसन्मान, आणि टोकाला मला उच्चारता न येणारं काहीतरी. "तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" त्याने विचारलं. "घड्याळाखाली, साहेब," बुटकी म्हणाली. त्या माणसाने तेसुद्धा वहीत उतरवून घेतलं!

एवढ्या अभ्यासातून निघालं काय, तर कामाची मालकी मिळाली की माणूस थकत नाही. लगेच तिसरा पडदा आला. प्रत्येकीच्या पडद्यावर तिचा फोटो आणि खाली 'मी माझ्या कामाची राणी'. आमची दहा मिनिटं गेली. राणीला कसली आलीय विश्रांती!

"साहेब, डोळे थकतात," काकू म्हणाली.

"काकू, थकवा मनात असतो."

"मन नाही हो बघत बाटल्या. डोळे बघतात."

तो नुसता हसला. असल्यांना हसण्याचाच पगार मिळतो.

महिन्याने समाधानाचा फॉर्म आला. रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे आणि वर आपलं नाव. आमच्यात असले कागद कोणी वाचत नाही. शेवटच्या हसऱ्यावर खुणा करत जायचं की सुटलो. मग भट्टीत उडी मारायला आवडेल का असं का विचारलेलं असेना. मी तेच केलं, बुटकीनेही तेच. काकूने मात्र चष्मा लावून अख्खा फॉर्म वाचला, रडक्यावर खूण केली आणि खाली लिहिलं, 'दहा मिनिटं परत द्या.'

"काकू, वेडी झालीस का?"

"विचारलंय ना? मग खरं नको सांगायला?"

पंधरा दिवसांत औषध कंपनीकडून एक खोकं परत आलं. एका बाटलीच्या गळ्याला तडा होता. खोक्यावरच्या चिठ्ठीवर पडद्याचा नंबर होता दोन. दोन नंबरचा पडदा माझा.

जेवणानंतर रोज मला नुसतं पांढरं पांढरं दिसायचं, आणि मी मूग गिळून बसत होते. आता तपासणीतून जाणार, हे मी धरूनच चालले होते. तिघींनाही आत बोलावलं.

उत्साहरावापुढे आमचे फॉर्म होते. "दोन नंबर? शक्यच नाही," तो माझा फॉर्म नाचवत म्हणाला. "पैकीच्या पैकी! समाधानी माणसाच्या हातून अशी चूक होत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार." मग त्याने काकूचा फॉर्म दोन बोटांत धरून उचलला. "आणि हा बघा."

"ते खोकं माझं नाही, साहेब," काकू म्हणाली, आणि माझ्याकडे वळून उभी राहिली.

"तुमचं काय म्हणणं?" त्याने मला विचारलं.

"मला काही माहीत नाही."

इतका वेळ मी त्या उत्साहरावाला नावं ठेवतेय. पण तो निदान मूर्ख होता. मला तर सगळं ठाऊक होतं. शी!

काकूला तपासणीतून कायमचं काढून पुठ्ठ्याची खोकी जुळवायला बसवलं. दुसऱ्या दिवशी आपला चष्मा न्यायला ती आली आणि माझ्या पडद्यापाशी थांबली.

"तडा नाही दिसला, ते मी समजू शकते," ती म्हणाली. "वीस मिनिटं उलटून गेली असतील. पण काल मी तुझ्यासमोर उभी होते, तेव्हा तर तू नुकतीच आत आली होतीस."

मी बाटल्यांकडे बघत राहिले.