दगडू आप्पाची हेमी

किस्से उकिरड्यासारखे असतात. मुद्दाम कोणी रचत नाही, येता-जाता जो तो टोपली रिकामी करतो, आणि एक दिवस बघावं तर गाडीभर! आमच्या कोरीटला दूध डेअरीपुढं सिमेंटचं बाकडं आहे. तिथं मी, सलीमभाई टेलर आणि दगडू आप्पा रोज बसतो. आप्पांचं घर समोरच. मी सातवी नापास, त्यामुळे बोलायचं काम माझ्याकडे. आप्पा गावातले वजनदार. रीतभात म्हटली की माणसं त्यांना विचारायला येतात. आणि त्यांच्याच घरात हेमी जन्माला आली! त्यांची धाकटी.

हेमी कॉलेजला असताना सुरतेला गेलेल्या भावाची बुलेट चालवू लागली. आप्पा भडकले. "बाईच्या जातीनं मागं बसावं. दोन्ही पाय एका अंगाला घेऊन!"

एकदा आप्पांना शहाद्याला साखरपुड्याला जायचं होतं आणि एसटी चुकली. आप्पांशिवाय साखरपुडा अडलेला. हेमीनं बुलेट काढली. आप्पांचा गुडघा धरलेला, तंगडी काही पलीकडे जाईना. शेवटी बसले, दोन्ही पाय एका अंगाला!

बाकड्यावरून मी ओरडलो, "आप्पा, पदर सांभाळा!"

तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग तोरणमाळचं प्रकरण. हेमी घरी सांगून गेली की कॉलेजचं शिबिर आहे. दुपारी सलीमभाईंच्या मोबाइलवर फोटो आला. तोरणमाळचा तलाव, मैत्रिणींचा घोळका, मध्ये गॉगल लावून हेमी.

संध्याकाळी ती बाकड्यापुढून जाताना आप्पांनी अडवलं. "ह्या फोटोमा पोरीच शेत का पोरं बी व्हतात?"

हेमी म्हणाली, "नीट देखा ना आप्पा. एक बी पोऱ्या नही."

आप्पांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. खरंच नव्हता. जरा निवळले. तेवढ्यात तीच म्हणाली, "फोटो काढनारा तेवढा राही गया!"

तो फोटो काढणारा म्हसावदचा. हे आम्हाला नंतर कळलं.

आप्पांनी घाईनं स्थळ आणलं. पाहुण्यांत एक म्हातारा होता, मिशीला पीळ देणारा. चहापाणी झालं. म्हातारा म्हणाला, "बेटा, जरा चालून दाखव." आमच्याकडे अजून काही लोक हे बघतात. पोरगी लंगडत तर नाही ना?

हेमी उठली. चालली. ओसरी, अंगण, फाटक, आमचं बाकडं, आणि समोर उभ्या असलेल्या नंदुरबारच्या एसटीत जाऊन बसली! गाडी सुटली.

मी दारात जाऊन विचारलं, "चाल पसंत पडली का पाहुणे? एसटीपर्यंत तरी लंगडत नव्हती!"

पुढं हेमीनं त्या म्हसावदच्या पोराशी कोर्टात लग्न केलं. जात वेगळी. आप्पा बाकड्यावर आले आणि सगळ्यांदेखत बोलले, "मन्हासाठी ती मरी गयी." न्हाव्याला बोलावणं धाडलं. पोर मेली समजून डोकं भादरायचं म्हणाले.

न्हावी आला. वस्तरा पाजळला. "आप्पा, करू का सुरू?"

आप्पांनी डोक्यावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले. मग म्हणाले, "दाढीच कर. डोकं ऱ्हाऊ दे. थंडी भलती शे."

चैत्र चालू होता हो! कुत्री गटारीत बसली होती!

मी त्या दिवशी काही बोललो नाही. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

मग आली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात आखाजीला सासरी दिलेल्या लेकी माहेरी येतात. पण अशाच येत नाहीत. माहेरचं माणूस आणायला जातं, त्याला मुऱ्हाळी म्हणायचं. मुऱ्हाळी दारात आला की त्याला रिकाम्या हातानं, लेक सोबत दिल्याशिवाय, परत धाडत नाहीत. आप्पांनीच किती घरांचे रुसवे या रीतीवर मिटवलेत!

गल्लीगल्लीत झोके बांधलेले. आप्पांच्या ओसरीचं आढं रिकामं. काकू, म्हणजे हेमीची आई, दाराशी बसून रस्त्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "आप्पा, मी जाऊ का मुऱ्हाळी म्हणून?"

"मन्हा घरथून कोणीच जावाव नही," आप्पा म्हणाले. पण उठून घरात काही गेले नाहीत. त्यांचीही नजर रस्त्यावरच.

तेवढ्यात बुलेटचा आवाज आला. हेमी! एकटीच, नवऱ्याच्या गाडीवर. बाकड्यापुढं गाडी लावली. डोक्यावर पदर घेतला. हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं.

सलीमभाई म्हणाले, "बेटी, तुझ्याकडे तर कोणी आणायला गेलंच नाही."

"मी माहेरले नही उनू चाचा," हेमी म्हणाली आणि आप्पांपुढं उभी राहिली. "आप्पा, मी मुऱ्हाळी शे. तुम्हले आन् मायले म्हसावदले लेवाले उनू."

पोरगीच मुऱ्हाळी, आणि न्यायचं आईबापाला! आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. सलीमभाईंकडे पाहिलं. मग समोरच्या घराकडे तोंड करून गरजले,

"ओ! आयकी ऱ्हायनी का? मुऱ्हाळी उना शे! पाय धोवाले पानी लई ये!"