धुरपताबाईच्या ओव्या आणि न आलेला हुकूम

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले आणि परभणी जिल्हा मुंबई राज्यात आला. ताडकळसच्या शाळेतले शिक्षक विष्णुपंत यांना त्याच आठवड्यात उमगले, की आपला अर्ज हैदराबादच्या ज्या कचेरीत पडून आहे ती कचेरी आता आपली राहिलेली नाही.

अर्ज विचित्र होता. विष्णुपंतांचे शिक्षण उर्दूतून झालेले. एका जुन्या उर्दू मासिकात त्यांनी जपानच्या दरबारी काव्यसंग्रहांविषयी वाचले होते. सम्राटाने हुकूम द्यायचा, नेमलेल्या कवींनी निवड करायची, आधी ऋतूंच्या कविता लावायच्या, मग विरहाच्या, प्रवासाच्या. पाच शतकांत असे एकवीस संग्रह झाले. ताडकळसच्या ओव्यांचा तसाच संग्रह करायचे त्यांनी मनावर घेतले. हुकमाशिवाय पक्की प्रत करायची नाही, हा नियमही उचलला. राजा उरला नव्हता, म्हणून अर्ज सरकारकडे.

ओव्या सांगणारी एकटी धुरपताबाई. तीस वर्षे तिने लोकांचे दळण दळले. गावात पिठाची गिरणी आली आणि ते काम थांबले. शाळा सुटल्यावर ती व्हरांड्यात येऊन बसे. विष्णुपंत एकेक ओवी एकेका चिठ्ठीवर उतरवत:

चैताच्या उन्हात बाई पळस पेटला,
जात्याच्या पिठाला माज्या वारा भेटला.

जपानात ऋतू चार आणि ताडकळसात तीन, यापाशी त्यांचे घोडे अडे. चिठ्ठ्या रोज नव्याने मांडल्या जात, रोज मोडल्या जात.

ही हकिगत त्यांच्या रोजवहीवरून आणि चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावरून जुळवली आहे. पुढचे संभाषण रोजवहीतलेच. मात्र ते लिहिणारा स्वतः भांडणातला एक पक्ष होता, हे विसरता येत नाही.

"मास्तर, माजं नाव कुटं लिवलं?" धुरपताबाईने एके दिवशी विचारले.

विष्णुपंतांनी चिठ्ठीच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तिने आपला हात चिठ्ठीशेजारी टेकवला. लहानपणी जत्रेत गोंदलेले तिचे नाव मनगटाच्या वर होते. तिला वाचता येत नव्हते. पण ते आकार ती जन्मभर पाहत आली होती.

"हे ह्याच्यावानी न्हाई. काय लिवलंय?"

"अज्ञात."

"म्हंजी?"

"म्हणजे ओवी कोणी रचली ते माहीत नाही. ज्यांना हुद्दा नसे त्यांच्या नावाच्या जागी दरबारी संग्रहांत तसे लिहीत. रीतच आहे ती, त्यात कमीपणा नाही."

"मी हितं तुमच्या म्होरं बसलेय, अन् माहीत न्हाई? डोळे हायेत का गुंड्या?"

"हुकूम आला की पक्क्या प्रतीत नाव घालू, बाई."

"लय दिसाचा यायलाय तुमचा हुकूम! निजाम गेला, हैद्राबाद गेलं, गिरणी आली. ह्योच तेवढा वाटंत हाय." मग ती उठली. "पीठ ज्याचं त्याच्या घरी गेलं, मास्तर. ओवी तरी माजी ऱ्हाऊ द्या. हिवाळ्याच्या ओव्या आता नाव बघितल्याबिगर न्हाई."

ती पुन्हा व्हरांड्यात आल्याची नोंद नाही.

विष्णुपंतांनी मुंबईला नवा अर्ज केला. उत्तराच्या चौकशीसाठी पूर्ण्याच्या टपाल कचेरीत खेपा घातल्या. रोजवहीत कित्येक आठवडे दोनच शब्द आहेत: 'टपाल नाही.' १४ जानेवारी १९५८ च्या पानावर मात्र वेगळे वाक्य येते: 'रीत दरबाराची. दरबार कुठे आहे?'

गठ्ठ्यातल्या ओव्या उतरवलेल्या त्रेचाळीसही चिठ्ठ्यांवर 'अज्ञात' खोडून 'धुरपता' लिहिले आहे. अक्षर विष्णुपंतांचे वाटते. एरवीपेक्षा मोठे, गोंदणासारखे सुटे. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांची बदली चुडाव्याला झाली.

हिवाळ्याच्या भागात मथळा आहे आणि त्याखाली बारा कोऱ्या चिठ्ठ्या. बदलीपूर्वी त्यांनी नाव लिहिलेल्या चिठ्ठ्या तिला दाखवल्या का, तिने हात पुन्हा शेजारी टेकवून पाहिला का, हे ठाऊक नाही. अर्जाला उत्तर आले का, तेही ठाऊक नाही. हिवाळ्याच्या ओव्या कोणत्या होत्या, हे सांगणारे कोणीही मला अद्याप सापडलेले नाही.