दाक्षायणीचा डावा हात

आमच्या सोलापूरच्या लॅबमध्ये तपासणीच्या किटसाठी अँटिबॉडी कापतात. कापणारी दाक्षायणी. अँटिबॉडीला दोन हात आणि एक पाय असतो असं समजा. हात आजाराला पकडतात, पाय मात्र भलत्यालाच चिकटतो आणि तपासणी चुकते, म्हणून तो उडवायचा. पपईच्या चिकातल्या एन्झाइमनं ती हे काम वर्षानुवर्षं करत आली. पण त्यात दोन्ही हात सुटे होतात. नव्या ऑर्डरीला घट्ट पकडणारे, जोडलेले हात हवे होते. त्याला पेप्सिन लागतं, आणि आमचं पेप्सिन डुकराच्या पोटातून काढलेलं.

दाक्षायणी लिंगायत, मांसाला न शिवणारी; तिचा चेहरा उतरला. अँटिबॉडीसुद्धा बकरीच्या रक्तातलीच की, असं मी हळूच सुचवलं.

"ते येगळं," ती म्हणाली. कसं वेगळं, हे विचारायची माझी टाप नव्हती.

खरी अडचण डाव्या तळहाताची. रोज सकाळी त्यावर इष्टलिंग घेऊन ती पूजा करते. त्या हातानं पेप्सिनला शिवायचं नाही असं तिनं ठरवलं; हातमोज्यांवर तिचा विश्वास नव्हता. मग काय, डावा हात पाठीमागे आणि सगळा कारभार उजव्यानं. झाकणं दातांनी उघडायची तेवढी बाकी होती. पेप्सिन वेळेवर थांबवलं नाही तर ते अँटिबॉडीचे हातही कुरतडतं. नेमकी थांबवायच्या द्रावणाची बाटली एका हातानं उघडताना सांडली. नवं द्रावण बनेपर्यंत सगळ्याचा भुगा झाला होता.

आमचे मालक महेश्वर सर रागावले नाहीत. "उरलेली अँटिबॉडी एकदाच पुरेल. उद्या दुसऱ्या कुणाला तरी बसवू. तुम्ही पॅकिंग बघा," एवढंच म्हणाले. तिचे डोळे भरून आले. मलाही फार वाईट वाटलं.

"सर, उद्या मीच करते," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी."

तिनं केलं, आणि जोडलेले हात अगदी नीट मिळाले. आम्ही पेढे आणले. तिनं पेढ्याला हात लावला नाही.

पुढचं तिनंच मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूजेला बसलीच नाही. तिच्या सासूबाई, काशम्मा, म्हणजे अंड्याच्या बिस्किटांचा पुडा उंबऱ्यावरूनच परत पाठवणाऱ्या. त्यांनी कारण विचारलं. तिनं डुकरासकट सगळं सांगितलं आणि मान खाली घालून उभी राहिली.

काशम्मांनी तिचा डावा हात ओढून घेतला आणि तळव्यावर विभूती फासली.

"बस पूजेला," त्या म्हणाल्या. "ह्या हातानं काम केलंय की, चोरी न्हाय केली."