उभ्याने ओटी

दसऱ्याच्या दुपारी आम्ही दोघं ओट्यावर बसून मोड आलेले वाल सोलत होतो. माझ्या हातून सालं ताटात आणि वाल कचऱ्यात पडत होते. "तुमाला दरबारात नेयाचं म्हंजे माझीच लाज जायाची," म्हणून बायको हसली. दोघांनी मिळून केलेलं साधं काम ते शेवटचं.

दरबार कसला, तर तिच्या माहेरचं गाव कधीकाळी एका संस्थानात होतं. संस्थान गेलं, राजवाडा विकला, राजे पनवेलबाहेर फार्महाऊसवर राहायला आले, पण दसऱ्याचा दरबार काही सुटला नाही. नव्या भाताच्या लोंब्या नेऊन द्यायचा मान तिच्या माहेरचा, आणि राणीने त्या घरच्या सुवासिनीची ओटी भरायची. आई गेली, भावजय गेली, मान हिच्याकडे आला. हिला छातीचं दुखणं, जिना चढली तरी धाप लागायची. डॉक्टर म्हणाला घरी राहा. ही म्हणाली, "ती ओटी पदरात पडली का माझं झालं." दुसरं काही तिने मागितलं नव्हतं.

फाटकावर भाड्याच्या शेरवानीतला कारभारी उभा. त्याने नियम सांगितले. चपला बाहेर, डोकं झाकलेलं, तीनदा वाकून मुजरा. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. राजांना पाठ दाखवायची नाही, बाहेर येताना उलटं चालत यायचं. मी बोडका, म्हणून त्याने वाढप्यांच्या कागदी टोप्यांतली एक माझ्या डोक्यावर ठेवली.

"ही चालंल राजांना?"

"डोकं झाकल्याशी मतलब."

आत राजे बसले होते ते मंडपवाल्याच्या खुर्चीवर. लग्नात नवरा-नवरी बसतात ना, तीच. तसल्या खुर्चीवर आमच्या कामोठ्यात रोज कोणीतरी बसतं, आणि ते निदान जेवायला तरी घालतं.

बायकोने लोंब्या ठेवल्या, तीनदा वाकली. राणी ओटीचं ताट घेऊन आली, तशी ही पदर पसरून सतरंजीवर खाली बसली. आमच्यात ओटी बसूनच घेतात. उभ्याने घेतलेली ओटी लागत नाही.

"आजी, उठा," कारभारी म्हणाला. "राजांसमोर कोणी बसत नाही."

"ओटी उभ्यानं नाय घेत, दादा. बायसाहेबांना ठावं हाय."

राणीने राजाकडे पाहिलं, राजाने कारभाऱ्याकडे. राणीला ठाऊक नव्हतं. कुंकू लावणाऱ्या बाईला एवढं ठाऊक नसावं, आणि नियम आम्हाला शिकवतात.

"धाप लागते तिला, बसू द्या," मी म्हटलं.

"तुम्हाला कोणी विचारलं का?"

राणीने ताट तसंच मागे दिलं. पुढच्या मानकऱ्याला हाक गेली. मी बायकोला हात देऊन उठवलं आणि आम्ही सरळ चालत निघालो, सगळ्या राजघराण्याला पाठ दाखवून. फाटकाशी एका नोकराने खण-नारळाची पिशवी तिच्या हातात कोंबली. तिने ती चपलांपाशीच सोडली.

रिक्षात ती एकदाच बोलली. "माझ्या आयेला पाटावर बसवलीती त्यांनी."

रात्री झोपली ती उठली नाही.

सकाळी बायका जमल्या. आमच्यात अहेव बाई गेली की तिची ओटी भरूनच पाठवतात. घरात तांदूळ होते, नारळ होता, खण नव्हता. बाजारातल्या कापडवाल्या चाचांच्या घरी जाऊन मी त्यांना उठवलं. माझं तोंड बघून त्यांनी लुंगीवरच येऊन दुकान उघडलं. हिरवा खण घेऊन परत आलो तर बायका म्हणत होत्या, तिरडीवर ठेवल्यावर भरू.

"आंघोळीला पाटावर बसवाल तवाच भरायची," मी म्हटलं.

"भावजी, आता कसले नियम?" थोरली वहिनी म्हणाली.

मी खण वहिनीच्या हातात दिला आणि दाराकडे तोंड करून उभा राहिलो. ओटी भरून होईपर्यंत कोणाला हिला पाटावरून उचलू दिलं नाही.