कळलावीचं कूळ

गावाच्या जैवविविधता नोंदवहीचं काम ग्रामसेवकांनी माझ्या गळ्यात घातलं, कारण शाळेत विज्ञान शिकवणारी मीच. गाणाऱ्या पाखरांत दयाळ आणि डोंगरातल्या फुलांत कळलावी, अशा दोन नोंदी शेजारीशेजारी लिहून मी ग्रामसभेत वाचायला उभी राहिले.

"दयाळ. वर्ग पक्षी. कूळ माशीमारांचं. संवर्धन स्थिती, चिंता नाही."

"मजा हाय गड्याची," मागून कोणीतरी म्हणालं.

"कळलावी. सपुष्प वनस्पती. आढळते टेकडीच्या बरडावर. कूळ..."

पुढच्या खुर्चीतले काका ताडकन उठले. ते मुरमाड, पडीक बरड त्यांच्या मालकीचं. "थांबा मॅडम! माह्या जमिनीवर कूळ कोनं लावलं?"

"काका, हे वनस्पतीचं कूळ. शेत कसणारं नव्हे."

"कोनाचंही असो! सरकारी वहीत एकदा कूळ चढलं का उतरते का?"

सभा खो खो हसली. काका तेवढे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सायकल दुरुस्तीवाले चाचा मोटरसायकलवरून घाईघाईनं शाळेत आले. पाखरांचा, झाडांचा त्यांना भारी नाद. "मॅडम, काका कुदळ घेऊन बरडावर गेले!"

चाचांच्या मोटरसायकलवरून आम्ही पोचलो, तर काका फुललेल्या वेलापुढे नुसतेच उभे.

"खोदत काऊन नाही?" चाचांनी विचारलं.

"घरची म्हन्ते, याचा कांदा घरात आला का भांडन होते."

"मंग फेकून द्या."

"फेकला तं शेजाऱ्याच्या धुऱ्या-बांधावर उगवंन. त्याच्यासंग आधीच बोलनं बंद हाय."

मी वही काढली, 'कूळ' खोडून 'कुटुंब' लिहिलं. काकांनी दोनदा वाचलं.

"कुटुंब चालते," ते म्हणाले.

"पन घरी सांगू नका," चाचा म्हणाले, "दुसरं कुटुंब केलं म्हनून."

आता काकाही हसले. मग त्यांनी स्थितीचा रकाना विचारला. मी सांगितलं, पाखरासारखीच, चिंता नाही.

"पाखराचं खरं हाय," चाचा म्हणाले. "दयाळ तं माह्या दुकानासमोरच्या शेवग्यावर रोज गाते. फुलाचं कसं खरं? अख्खी टेकडी लाल व्हायची. औषधवाल्यांनी कांदे खनून नेले. आता हा एकच वेल."

काकांनी त्याच कुदळीनं खड्डे घेऊन वेलाभोवती बाभळीच्या काट्या रोवल्या. मी रकान्यात लिहिलं, 'जगात चिंता नाही, गावात आहे.'

अशी स्थिती छापील यादीत नाही, असं ग्रामसेवक म्हणाले, पण त्यांनी ती राहू दिली. जमीनमालक म्हणून नोंदीखाली सही करायला मात्र काकांनी साफ नकार दिला: "सरकारी वहीत एकदा सही चढली का उतरते का?"